फोटो चांगला 'आला', म्हणजे काय झाले?

मराठीत फोटो कोणीतरी काढतो, पण चांगला मात्र तो आपला आपण येतो. 'फोटो छान आलाय' या वाक्यात काढणाऱ्याला जागा नाही. 'तू छान आली आहेस' म्हटले की फोटोही नाहीसा होतो आणि उरते ती फोटोतली व्यक्ती. पाहुण्यांपुढे चहाबरोबर अल्बम ठेवला जाई त्या काळात आमच्यासारख्यांच्या घरांतली छायाचित्रचर्चा या दोन वाक्यांच्या परिघात संपत असे. दोष काढायचाच झाला तर 'हिचे डोळे मिटलेत' किंवा 'काकांचे डोके कापले गेले' इतकाच. अ‍ॅग्फाच्या क्लिक थ्री कॅमेऱ्यात एका रोलवर बारा फोटो निघत. त्यांतले नऊ 'आले' की रोल वसूल झाला. त्या नवांतले चांगले कोणते आणि का, हे विचारण्याची कोणाला गरज वाटत नसे. खरे सांगायचे तर ते थोडे असभ्यपणाचेही वाटले असते.

हौशी छायाचित्रकाराला नेमका हाच प्रश्न छळतो. फोटो काढला तेव्हाचे ऊन, गर्दी, धक्काबुक्की हे सारे त्याच्या डोक्यात शिल्लक असते. कागदावर त्यातले काय उतरले आहे हे तपासायला त्याला दुसऱ्याचे डोळे लागतात. त्या दुसऱ्याने काय आणि कसे सांगावे, पहिल्याने ते कसे ऐकावे, या व्यवहाराला दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि त्याची सुरुवातीची काही पाने मुंबईत लिहिली गेली आहेत. त्या इतिहासाकडे आम्ही वळलो ते विद्वत्तेच्या हौसेने नव्हे. हिंजवडीत एक फोटो आमच्या हातून बिघडला, म्हणून वळलो.

तो प्रसंग आधी सांगतो. २००७ च्या सुमारास हिंजवडीच्या आयटी पार्कात नोकरी करणारे आम्ही सात-आठ जण महिन्यातून एका शुक्रवारी, कामानंतर, कँटीनच्या एका कोपऱ्यात बसत असू. डिजिटल एसएलआर कॅमेरे तेव्हा नुकते आमच्या पगारांत बसू लागले होते; आमच्यापैकी चौघांकडे निकॉनचा डी४० होता. नियम एकच ठेवला होता. फोटो पडद्यावर दाखवायचा नाही, छापून आणायचा. खर्च पडला की माणूस आणण्यापूर्वी चार वेळा विचार करतो, हा त्यामागचा हिशेब.

२००९ च्या चैत्रानंतर आमच्यात एक नवा मुलगा येऊ लागला. तो याच भागातला, बसगाड्यांची व्यवस्था पाहणाऱ्या विभागात कामाला. त्याने म्हातोबाच्या बगाडाचा फोटो आणला होता. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगावयाचे तर म्हातोबा हे हिंजवडी आणि वाकड या दोन्ही गावांचे दैवत. हनुमान जयंतीला त्याचे बगाड हिंजवडीहून वाकडकडे निघते. आयटी पार्कात वर्षानुवर्षे नोकरी करून ज्यांना हे माहीत नाही अशी माणसे हजारोंनी असतील. आमच्यातलेही काही त्यात होते. फोटोत टोप्या-फेट्यांची दाट गर्दी होती, बगाडावर गळकरी होता, त्याच्या डोक्यावरून विजेच्या तारा गेल्या होत्या, आणि मागे, चौकटीचा उजवीकडचा मोठा भाग व्यापून, एका कंपनीची काचेची इमारत उभी होती.

आम्ही काय सांगितले ते आजही पाठ आहे. क्षितिज कलले आहे. तारा खटकतात. इमारत लक्ष वेधून घेते. उजवीकडून कापा, म्हणजे गळकरी एक-तृतीयांशाच्या रेषेवर येईल. हे सगळे अतिशय सभ्यपणे, आधी दोन गुण सांगून, मग दोष सांगून, शेवटी पुन्हा पाठ थोपटून, प्रशिक्षणवर्गात शिकवतात त्या क्रमाने. त्याने ऐकले, 'हो सर' म्हटले आणि फोटो कापला. कापलेल्या फोटोला कार्यालयातल्या स्पर्धेत बक्षीस मिळाले. पुढच्या शुक्रवारी तो आला नाही. त्यानंतरच्याही नाही.

दुष्ट टीकेने माणूस दुरावतो हे सगळेच जाणतात. आमची टीका दुष्ट नव्हती. 'विधायक' या शब्दात ती चपखल बसत होती, आणि तिचा परिणाम बक्षिसाच्या रूपाने सिद्धही झाला होता. मग बिघडले काय, हे कळायला आम्हाला बरीच वर्षे लागली.

लंडनमध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५३ साली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी तिच्या मागोमाग १८५४ मध्ये उभी राहिली. कॅप्टन हॅरी बार तिचे पहिले अध्यक्ष. संस्थेचे नियतकालिकही लगेच सुरू झाले. सुरुवातीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः जाणते छायाचित्रकार, आणि संस्थेच्या कार्यकारी मंडळावरही त्यांनी काम केले. दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेले डॉक्टर. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत हा व्यवसायच केला. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन या जोडीने १८५६ पासून 'द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' काढला, ज्यात खरेखुरे प्रिंट चिकटवलेले असत. 'अमॅच्युअर' हा शब्द त्या नावात मानाने बसला आहे. आज 'हौशी' म्हणताना आपण जो किंचित खांदा उडवतो, त्याचा तिथे मागमूस नाही.

या मंडळींसमोरचे प्रश्न मुख्यतः रसायनांचे होते. कलोडियन लावलेली काच ओली असेतो वापरायची, आणि मुंबईच्या उकाड्यात ती किती वेळ ओली राहणार? बरे, छापलेले प्रिंट टिकतील याचीही खात्री नव्हती. खुद्द लंडनच्या संस्थेने १८५५ मध्ये प्रिंट का विटतात हे शोधायला समिती नेमली होती. अशा काळात 'आला का?' हाच अस्सल समीक्षकाचा प्रश्न ठरतो. (मराठीतले ते 'येणे' कदाचित इथूनच आले असावे, असे आम्हाला वाटते. काचेवर द्रावण ओतल्यावर प्रतिमा हळूहळू वर येते, ते पाहणारा 'आला, आला' असेच म्हणणार. हा निव्वळ तर्क आहे, भाषाशास्त्रज्ञांनी रागावू नये.) त्या चर्चेचा मोठा गुण असा, की जे सांगितले ते दुसऱ्याला दुसऱ्या दिवशी करून पाहता येई. आणि सिल्व्हर नायट्रेटने काळी पडलेली बोटे हेच तेथल्या माणसाचे ओळखपत्र. ज्याची बोटे काळी, त्याने दुसऱ्याच्या काचेविषयी बोलावे.

पण काळ्या बोटांनी सगळे समान होत नाहीत. कलकत्त्याच्या बंगाल फोटोग्राफिक सोसायटीचे उदाहरण इथे सांगणे भाग आहे. ती १८५६ मध्ये स्थापन झाली आणि प्राच्यविद्या-पंडित राजेंद्रलाल मित्र तिचे खजिनदार होते. १८५७ मध्ये त्यांनी एका जाहीर सभेत निळीच्या मळेवाल्या गोऱ्यांवर टीका केली, आणि त्यापायी त्यांना सोसायटीतून काढून टाकण्यात आले. त्यांच्या फोटोंविषयी किंवा त्यांनी इतरांच्या फोटोंवर दिलेल्या मतांविषयी तक्रार नव्हतीच. एकाच टेबलाभोवती बसून प्रिंट पाहणाऱ्यांपैकी कोणाला कोणाविषयी काय बोलण्याची मुभा आहे, हे त्या टेबलाबाहेर आधीच ठरलेले होते. हे वाचताना आम्हाला तो 'हो सर' आठवला. आम्ही त्याचे मत विचारले होते का? विचारले असते तरी आठ अभियंत्यांपुढे त्याने दुसरे काय उत्तर दिले असते?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोरड्या काचा आल्या, मग कोडॅक आला, आणि फोटो 'येणे' ही सामान्य गोष्ट झाली. तेव्हा टीकेचा विषय बदलला. 'आला, पण चांगला आहे का?' हा प्रश्न पुढे आला आणि त्याचे उत्तर द्यायला परीक्षक नावाची व्यक्ती अवतरली. 'अमॅच्युअर फोटोग्राफर' हे साप्ताहिक लंडनमध्ये १८८४ पासून निघू लागले. त्याच्या १८८७ च्या सुट्टीतल्या छायाचित्रांच्या स्पर्धेत पीटर हेन्री इमर्सन परीक्षक होते आणि त्यांनी पहिले बक्षीस दिले ते आल्फ्रेड स्टिग्लिट्झ नावाच्या, जर्मनीत शिकणाऱ्या एका अमेरिकन तरुणाला. इटलीतल्या बेलाजिओ गावच्या हसऱ्या मुलांचा तो फोटो होता. त्यातला उत्स्फूर्तपणा इमर्सनना भावला. परीक्षकाचा शब्द हौशी माणसाचे आयुष्य कसे वळवतो याचे हे प्रसिद्ध उदाहरण. त्याचा उत्तरार्ध मात्र कमी सांगितला जातो. इमर्सननी १८८९ मध्ये 'नॅचरलिस्टिक फोटोग्राफी' हे पुस्तक लिहून छायाचित्रण ही कला आहे असे ठणकावून सांगितले, आणि दोन वर्षे होतात न होतात तोच काळ्या चौकटीची एक पुस्तिका काढून आपले ते मत मागे घेतले. ज्यांनी या दरम्यान त्यांचे ऐकून आपले फोटो बदलले असतील त्यांनी काय करावे?

परीक्षकांच्या या युगातून 'सलोन' नावाची प्रदर्शने आली. लंडनमध्ये १८९२ साली लिंक्ड रिंग हा गट जुन्या सोसायटीशी मतभेद होऊन वेगळा झाला आणि १८९३ पासून स्वतःची सलोन भरवू लागला. ही पद्धत जगभर पसरत मुंबईत पोचली. १९३२ मध्ये कॅमेरा पिक्टोरिअलिस्ट्स ऑफ बॉम्बे आणि १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया या संस्था तेथे उभ्या राहिल्या. १९५३ मध्ये फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफीची स्थापना झाली. या संस्थांनी हौशी माणसाला अंधारखोली दिली, सोबत दिली, शिस्त दिली. त्यांचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण सलोनच्या पद्धतीत प्रतिसाद म्हणून जे हाती येते ते म्हणजे गुणांचा आकडा, आणि 'स्वीकृत' किंवा 'अस्वीकृत' असा शेरा. आकड्याशी वाद घालता येत नाही. त्याला प्रश्नही विचारता येत नाही. परीक्षकांना काय आवडते याचा अंदाज बांधून पुढच्या वर्षी तसे पाठवणे, एवढाच मार्ग उरतो, आणि म्हणून त्या काळचे सलोनचे सूचिग्रंथ चाळताना धुक्यातली नाव आणि उन्हाची तिरीप पडलेला म्हातारा यांची संख्या मनात भरते.

ज्या नियमाने आम्ही तो फोटो कापवला त्याची जन्मकथाही इथेच उरकून टाकू. 'एक-तृतीयांशाचा नियम' या शब्दांत तो प्रथम मांडला जॉन टॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकार-कोरक्याने, १७९७ च्या ग्रामीण देखाव्यांवरील एका पुस्तकात. म्हणजे छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वी. चित्रात जमीन किती आणि आकाश किती, उजेड किती आणि छाया किती, अशी प्रमाणे तो सांगत होता. दोनशे वर्षांनी ती कॅमेऱ्याच्या पडद्यावर चार रेघांच्या रूपाने छापून आली आणि हिंजवडीच्या कँटीनमध्ये आम्ही ती वेदवाक्यासारखी उच्चारली.

सलोनच्या काळातच, तिच्या सावलीत, दुसरी एक पद्धत ब्रिटन-अमेरिकेत चालत होती. तिच्याविषयी आम्हाला फार प्रेम वाटते. तिला फिरती पेटी म्हणू. गावोगावी विखुरलेले दहा-पंधरा हौशी लोक एक मंडळ करीत. प्रत्येकाने आपला एक प्रिंट घालायचा आणि पेटी टपालाने पुढच्याकडे पाठवायची. सोबत एक वही, किंवा प्रत्येक प्रिंटमागे कोरा कागद. ज्याच्याकडे पेटी येई तो सगळे प्रिंट घरी, फुरसतीने पाही, प्रत्येकावर आपले मत लिही आणि पेटी पुढे रवाना करी. फेरी पूर्ण होऊन पेटी परत आली की आपला जुना प्रिंट त्यावरच्या साऱ्या मतांसह काढून घ्यायचा आणि नवा ठेवायचा. यात काही महिने सहज जात.

या संथ यंत्रणेत किती शहाणपण आहे पाहा. ज्याने स्वतःचा प्रिंट पेटीत घातलेला नाही त्याला मत लिहिण्याचा हक्क नाही. काळ्या बोटांचाच नियम दुसऱ्या रूपात परत आला. मत लिहिणाऱ्याला आपल्या आधीच्या चौघांनी काय लिहिले हे दिसते आणि त्याच्याशी असहमत होता येते. म्हणजे फोटोवर एक निकाल न लागता एक संभाषण साचत जाते. आणि ऐकणाऱ्याची सोय तर विलक्षण. तो ती मते आपल्या घरी, एकटा वाचतो. रागावायला, कागद भिरकावायला, आठवड्याने पुन्हा उचलून वाचायला त्याला पूर्ण मोकळीक असते. समोर बसून 'हो सर' म्हणावे लागत नाही. टीका स्वीकारण्याची कला म्हणून जे शिकवले जाते त्याचा बराचसा भाग केवळ वेळ मिळण्याचा आहे, असे आम्हाला आता वाटू लागले आहे.

गंमत अशी की याहून नेमकी शिस्त आम्हाला पोटापाण्यासाठी आधीच शिकवलेली होती. आयबीएममधले मायकेल फॅगन यांनी १९७६ मध्ये प्रोग्रॅम तपासण्याच्या बैठकीची एक पद्धत प्रसिद्ध केली. हिंजवडीत ज्याला रोज 'रिव्ह्यू' म्हणतात त्याची ही मूळ आई. तिचे काही कायदे पाहण्यासारखे आहेत. दोष शोधायचे, उपाय सुचवायचे नाहीत. दुरुस्ती हे ज्याचे काम त्याने नंतर करावे. जे लिहिले आहे ते सहसा त्याच्या लेखकाने समजावून सांगायचे नाही, दुसऱ्या कोणीतरी आपल्या शब्दांत उलगडायचे, म्हणजे लेखकाला काय म्हणायचे होते याऐवजी प्रत्यक्ष काय लिहिले गेले आहे ते बाहेर येते. आणि बैठकीत सापडलेल्या दोषांवरून वरिष्ठांनी माणसाचे मूल्यमापन करायचे नाही. हा शेवटचा कायदा कोठे कितपत पाळला जातो, यावर न बोललेले बरे. पण दिवसभर या शिस्तीने वागणारे आम्ही संध्याकाळी कँटीनमध्ये बसताच तिचा प्रत्येक कायदा मोडत होतो. 'उजवीकडून कापा' हा उपाय होता. दोष कोणता, हे आम्ही सिद्ध केलेच नव्हते. फोटोत काय आहे हे तर कोणी उच्चारलेही नव्हते.

'फोटोत काय आहे' हे आधी मोठ्याने सांगणे वाटते तितके बाळबोध नाही. पुण्यातच, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, सतीश बहादूर यांनी चित्रपट रसास्वादाच्या वर्गांतून विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना हेच शिकवले. 'पथेर पांचाली'सारखा चित्रपट थांबवून, मागे नेऊन, दृश्यामागून दृश्य पाहायचा, आणि आवडले-नावडले हे फार नंतर. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची जी तीन तत्त्वे मांडली ती साहित्यापुरती ठेवण्याचे कारण नाही. आमच्या त्या फोटोत विरोधलय काठोकाठ भरलेली होती: एका बाजूला लाकडी बगाड, दुसऱ्या बाजूला काच. आम्ही विरोध कापून टाकला आणि उरलेल्या समतोलाला बक्षीस मिळाले. कोणत्याही जत्रेत, कोणत्याही साली काढता आला असता असा तो फोटो झाला होता. हिंजवडी त्यातून गेली होती, २००९ गेले होते.

पुढे आमची बैठक चालू राहिली, माणसे बदलली, दोघे परदेशी गेले. वर सांगितलेला इतिहास तुकड्यातुकड्यांनी वाचनात आला तसे नियमही बदलत गेले. फोटो आणणाऱ्याने पहिली दहा मिनिटे गप्प बसायचे. दुसऱ्या कोणी त्यात काय काय दिसते ते सांगायचे, तारांसह. 'छान' हा शब्द वापरणाऱ्याने चहाचे पैसे द्यायचे (या नियमाने कँटीनचा बराच फायदा झाला). उपाय विचारल्याशिवाय सांगायचा नाही. हे सारे जमलेच असे नाही. एकदा एका ज्येष्ठ सभासदाचा फोटो कोणालाच आवडला नव्हता आणि आम्ही अर्धा तास त्यातल्या ढगांचे वर्णन करीत बसलो. नियमाने धीर येत नाही, एवढे त्या दिवशी कळले.

हिंजवडीच्या रस्त्यात मेट्रोचे खांब उभे राहू लागले त्या सुमारास तो मुलगा, आता दोन मुलांचा बाप, आम्हाला शिवाजी चौकात भेटला. बोलता बोलता त्या फोटोचा विषय आम्हीच काढला. मूळ फाइल आहे का, असे विचारले. नव्हती, जुन्या संगणकाबरोबर गेली होती. पण कँटीनमध्ये आणलेला मूळ प्रिंट आईने अल्बमात लावला आहे, असे म्हणाला आणि घरी घेऊन गेला. प्रिंटचा रंग थोडा उतरला होता. त्याच्या आईने अल्बम आमच्यापुढे धरला आणि बोट ठेवले ते काचेच्या इमारतीवर. "हितं इहीर होती आमची," त्या म्हणाल्या. मग बोट थोडे डावीकडे सरकवून, "आन् ह्या अंगाला बांध."

आम्ही त्याला म्हणालो की प्रिंट द्यावा, त्यावरून मोठी प्रत करून आणतो. तो जरा विचारात पडला.

"मोठा केल्यावर तारा दिसतील का सर?"

दिसतील, असे आम्ही सांगितले.

"मग करा," तो म्हणाला.